किनारीची दोन फुलं

चादरीवर उतरायच्या आधी मोर पत्त्यावर येतो,
नुसत्या भोकांचा.
तीस वर्षं मी जेकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडतोय,
अक्कलकोट रोडला, पत्र्याखाली,
जिथे पंखा असतो आणि नसतो.

आमचा मोर चोरीला जायचा. दर दिवाळीला.
चोर हुशार. अख्खा मोर उचलायचा
आणि किनारीची दोन फुलं बदलायचा.
झालं, माल त्याचा.
बाजारात फिरून ओळखायला मालकांनी
घडीखात्यातले मलकप्पा ठेवले होते.
डोळे मिटून चादरीवर बोट फिरवायचे,
"आपलाच हाय बे."
पण फुलं बदलली की तेही अडखळायचे,
"आपलाच वाटतोय... थांब जरा..."
तेवढ्यात शंभर चादरी खपलेल्या.

त्या वर्षी मला ताप आला.
सतरा दिवस.
शेवटी अंगातल्या कुणीतरी बोट फिरवून ओळखलं त्याला.
घरी आलो ते छाती काढून.
लस निघाली, बालामणी म्हणाली, चला.
मी म्हटलं, मला कशाला?
खुद्द चोर बघितलाय मी,
आता त्याची चिंधी काय बघायची?

ती एकटी गेली.
पहाटे चारला दवाखान्याच्या कठड्याशी चप्पल ठेवून नंबर धरला,
दिवसाच्या हजार विड्या बुडवल्या.
संध्याकाळी दुखरा दंड सांभाळत सूप मांडीवर घेतलं.
पानं कातरता कातरता एकदाच म्हणाली,
"नरसिंगनं पण बघितलाच होता की."

नरसिंग, माझा धाकटा.
त्याच वॉर्डात, तीन खाटा सोडून.

रात्रभर मी हिशोब केला.
माझ्या अंगाला ओळख पटायला सतरा दिवस लागले.
त्याचंही अंग बोट फिरवत असणार,
थांब जरा, थांब जरा म्हणत.
त्याला अकराच मिळाले.

रांगेतून पुढे सरकल्यावर तांबोळी सिस्टरला विचारलं,
होऊन गेलेल्याचं बळ जास्त, की टोचून घेतलेल्याचं?
हात न थांबवता ती म्हणाली,
"होऊन गेलेल्याचं पण असतंय की, मामा. खोटं कशाला बोलू.
पण त्याचं भाडं आधी भरावं लागतंय,
आणि किती, ते कुणी सांगत नाही."
मग म्हणाली, "दंड सैल सोडा."

चिंधीच ती.
चोराच्या थानातली बोटभर.
चोर नव्हे.
टोचताना आवाज झाला नाही.
माझ्या मशीनचा होतो, खट्,
तो मी मनातल्या मनात करून घेतला.

संक्रांतीला गड्डा भरलाच नाही त्या वर्षी.
होम मैदानावर नुसती धूळ.
तेव्हा तो परत आला, फुलं बदलून,
आणि दोघांनाही गाठलं.
आत कुणीतरी अडखळलं असणार,
पण फार वेळ नाही.
मी दोन दिवसांत उठलो, ती तीन.
मी म्हटलं, बघ, शेवटी माझंच पक्कं,
एक दिवस तुझ्यापेक्षा कमी.
तिनं चहाचं आधण ठेवलं.
"आधीचे सतरा धरून मोजा," म्हणाली.

मोजले नाहीत.

नरसिंगच्या मागावर आता कुंभारीचा एक पोरगा आहे.
त्यालाही तेच पत्ते,
मी पाडलेली भोकं,
तोच मोर निघतो, जराही चुकत नाही.
मलकप्पा घरी बसले.
चोर हल्ली तीन फुलं बदलतो.
सिस्टरला मी विचारून ठेवलंय,
परत बदलली तर?
"तर परत यायचं," ती म्हणाली,
आणि माझ्या मागच्या माणसाला
बाही वर करायला सांगितली.